अपंग माजी सैनिकांच्या खेळांना देणगी: द्यावी का, आणि नेमकी कशासाठी?

वैजू_कोथरूड

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हिवाळा आला की मेसेज फिरायला लागतो: जखमी जवानांसाठी धावा! नोंदणी फी, टी-शर्ट, शेवटी गळ्यात पदक (धावणाऱ्यांच्याच), आणि फीमधला 'काही भाग' जवानांच्या क्रीडा पुनर्वसनाला. किती भाग आणि कोणाला, हे पोस्टरवर कुठेच नाही. यंदा विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, देशासाठी एवढंही करणार नाही का?" म्हणून हा धागा.

खेळाला पैसे देऊ नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. द्यावेतच. पण आपला पैसा जातो तो पदकाच्या मागे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आठवा. फौजेतले बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. तिकडे जायच्या तिकिटाचे पैसे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं उभे केले होते. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये! या गोष्टीतलं तिकीट आणि पदक लोक सांगतात. त्याआधी रोज त्यांना पाण्यापर्यंत नेण्याची काहीतरी सोय असणार, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. देणगी तिथे लागते. तलावाच्या कडेची लिफ्ट, रॅम्प, एक मदतनीस, एक प्रशिक्षक. ज्याला कधीच पदक मिळणार नाही, अशा माणसासाठी.

हिशेबतपासनीस

हेतू चांगला, पण मुळातच असहमत. ज्याचे पाय सरकारी कामावर गेले, त्याचा व्यायाम लोकांच्या वर्गणीवर का चालावा? शंभर टक्के अपंगत्व आलं तरी पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. लढाईतल्या जखमेला दर जास्त आहे, पण मग जखम 'सेवेमुळे' झाली की नाही यावरून वाद. सैन्यदलांच्या लवादात जवान जिंकतो आणि सरकार त्याच्यावर वर अपील करतं. त्याच सरकारच्या कार्यक्रमात आपण झेंडे हलवत पाच किलोमीटर पळायचं!

तुमच्या कोथरूडपासून खडकवासला किती लांब आहे? तिथल्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळायच्या आधीच अपघात झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यांना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, वैद्यकीय छत्र मिळालं. या मुलांना बास्केटबॉलचं कोर्ट देऊन काय करणार? आधी हक्काचं द्या.

फिजिओ_मिरज

हिशेबतपासनीस, तुमचा राग पटतो, पण खेळ म्हणजे चैन असं धरून तुम्ही चाललाय. पॅराप्लेजियाचा (कमरेखालचं अंग लुळं पडलेला) पेशंट व्हीलचेअरवर बसतो तेव्हा बुडाखाली दुखतंय हे त्याला कळत नाही. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हात टेकून अंग वर उचलायचं, निदान अर्धा-एक मिनिट धरायचं, मग परत खाली. दिवसभर, आयुष्यभर. हे चुकलं की बेडसोअर, म्हणजे सतत दाबानं होणारी जखम. एकदा तो हाडापर्यंत गेला की महिनोन् महिने पालथं झोपून राहावं लागतं. खांद्यात ताकद नसेल तर हे उचलणंच जमत नाही. बेडवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, सगळं खांद्यांच्या जिवावर. थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) ताणायचा कंटाळा येतो, दुसऱ्या आठवड्यात तो उशीखाली जातो. पण समोर कोणी चेंडू हिसकावणारा असला की तोच माणूस तासभर खुर्ची पळवतो.

आणि एक सावधगिरी. ज्या खांद्यांवर चालायचं, तेच खेळून निकामी होऊ शकतात. चुकीच्या मापाची खुर्ची, वॉर्मअप न करता फेक, की खांद्याचा रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू) गेलाच. 'आम्ही दहा व्हीलचेअर दान केल्या' असा फोटो आला की मला धडकीच भरते. बसणाऱ्याचं माप कोणी घेतलं होतं का? खेळाच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली असतात, म्हणून ती वळताना उलटत नाही. घरच्या दारातून मात्र ती आत जाणार नाही. हा फरक माहीत नसणाऱ्यांनी खरेदी करू नये.

इतिहासवेडा

या सगळ्याची सुरुवातच दवाखान्यात झाली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्या काळी असा जवान फार जगत नाही असंच धरून चालायचे. बेडसोअर नाहीतर लघवीचा संसर्ग त्याला न्यायचा. गुटमान यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. आणि हा विभाग काढायला गुटमान यांना सरकारनंच सांगितलं होतं, वर्गणी काढून तो उभा राहिला नव्हता.

पण पुण्यापुरतं बघाल तर दोन्ही आहे. कृत्रिम अवयव केंद्र (१९४४) फौजेचं. अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी खडकीची क्वीन मेरीज संस्था १९१७ पासूनची, ती देणग्यांवर वाढली. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चं. सरकार की समाज, हा वाद इथे शंभर वर्षं निकाली निघालेला नाही.

सुभेदार_निवृत्त

राम राम मंडळी. मी धडधाकट आहे, पलटणीतले काही जण नाहीत. त्यांच्या वतीनं चार शब्द.

पॅरिसला २०२४ मध्ये गोळाफेकीत कांस्य जिंकलेले होकाटो सेमा पाहा. आसाम रेजिमेंट. २००२ मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगावर पाय पडला, गुडघ्याखाली पाय गेला. गोळा हातात घेतला २०१६ मध्ये, पुण्यात. म्हणजे मधली चौदा वर्षं या अंगातल्या ताकदीचं काय करायचं ते कोणाला सुचलं नाही. नंतर खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेच्या इंजिनिअर दलाच्या केंद्रात) फौजेनं पॅरा खेळांचं केंद्र काढलं, मग रांगेनं खेळाडू तयार झाले. वैजूताई, तुम्ही पदकाला नावं ठेवता, पण वरच्या साहेबांना पदक दिसलं की मगच खाली सोय होते. आम्ही हे आयुष्यभर बघितलंय.

मात्र हे झालं नोकरीत ठेवलेल्यांचं. मेडिकल बोर्डानं अपात्र ठरवून गावी आलेल्याचं काय? आमचा एक हवालदार, सुट्टीवर मोटरसायकलवरून पडून मणका मोडला. लढाईतला नाही म्हणून हार-तुरे नाहीत. गाव डोंगराच्या कुशीत, घराला चार पायऱ्या. खुर्ची ओसरीवर, तो ओसरीवर. वजन वाढलं, साखर वाढली. तुमच्या पुण्यातल्या धावण्याचा त्याला काय उपयोग? मणका मोडलेले बहुतेक असेच असतात, गाडी दरीत गेलेले, झाडावरून, घोड्यावरून पडलेले. देणगीदाराला मात्र कारगिलवाला लागतो.

हिशेबतपासनीस

सुभेदार साहेब, मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की. देणगीदार निवड करतो, हक्क निवड करत नाही. लढाईतला-अपघातातला हा भेद दान घालतं.

सुभेदार_निवृत्त

तो भेद सरकारच्या नियमातही आहे, साहेब. पेन्शनचा दर बघा की.

चामोर्शीकर

इकडेही बघा जरा. गडचिरोलीत सुरुंगस्फोटात जायबंदी झालेले सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे जवान राज्य पोलिसांचे, सीआरपीएफवाले गृहखात्याचे. 'माजी सैनिक' म्हटलं की ही मंडळी यादीतच नाहीत. सीआरपीएफनं दिव्यांग जवानांसाठी हैदराबादला केंद्र काढलंय, तिथे खेळाचं प्रशिक्षण मिळतं. आमच्या पोलीस पोराला कोणतं केंद्र? निधी गोळा करणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न, जखम वर्दीचा रंग बघते का?

वैजू_कोथरूड

चामोर्शीकर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुभेदार काका, पदकामुळे सोय येते हे मान्य, पण ती येते कुठे? खडकीत. तुमचे हवालदार ओसरीवरच राहिले. हिशेबतपासनीस, पेन्शन वाढली तरी तालुक्याच्या जिममध्ये त्यांची खुर्ची आत जाणार आहे का? जिममालकानं फक्त रॅम्प बांधायचा आणि फिजिओनं महिन्यातून दोनदा यायचं, एवढ्यासाठी आपण संरक्षण मंत्रालयाची वाट बघत बसायचं? खटला चालू द्या, रॅम्प बांधू द्या.

हिशेबतपासनीस

रॅम्प बांधा. पावती मात्र 'जवानांना मदत' म्हणून फाडू नका, 'आमच्या जिमची दुरुस्ती' म्हणून फाडा. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, सार्वजनिक जागेत प्रवेशाची सोय ही कोणाची मेहेरबानी नाही.

धावपटू_नाशिक

अहो, पण आम्ही धावायचं की नाही? मी मेजर डी. पी. सिंग यांना बघून धावायला लागलो. कारगिलमध्ये पाय गमावलेला माणूस हाफ मॅरेथॉन पळतो, हे बघितल्यावर माझी सबब संपली. सगळ्याच शर्यती काही फसवणूक नसतात.

वैजू_कोथरूड

धावा की. फक्त फी भरण्याआधी विचारा: रुपयातले किती पैसे, कोणत्या खात्यात, कोणत्या कामासाठी. आणि मार्गावर व्हीलचेअरवाल्यांना जागा आहे का. जवानांच्या नावाच्या शर्यतीत स्टार्ट लाइनच्या आधी तीन पायऱ्या मी स्वतः बघितल्यात.

फिजिओ_मिरज

सुभेदार साहेब, तुमच्या हवालदारांचं गाव सांगली-कोल्हापूरकडचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. खुर्ची नंतर बघू. आधी त्यांची पाठ आणि खांदे तपासते.

सुभेदार_निवृत्त

शाहूवाडी तालुका. डॉक्टर, एक अडचण आधीच सांगतो. तो 'कशाला आता' म्हणेल. त्याला व्यायाम म्हणू नका. पूर्वी पलटणीच्या कबड्डी टीममध्ये होता, तिथून बोलायला सुरुवात करा.