रेइवाच्या चौकोनी चिन्हाला वेगळा कोड द्यायला हवा होता का?

बाराखडी:
सम्राट अकिहितो पायउतार झाले आणि १ मे २०१९ पासून जपानमध्ये रेइवा हे राजयुग (सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव, तारखेतलं वर्ष त्यावरून मोजतात) सुरू झालं. नाव दोन कांजींचं (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचं), आणि दोन्ही युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक कोड देणाऱ्या मानकात, आधीपासून आहेत. तरीही एका अक्षराच्या जागेत त्या दोघींना बसवणाऱ्या चौकोनी चिन्हाला वेगळा कोड मिळाला: ३२एफएफ. त्या एका चिन्हासाठी ७ मे रोजी युनिकोडची १२.१ आवृत्ती काढली गेली!

मला हे पटत नाही. मेइजी, ताइशो, शोवा, हेइसेइ या आधीच्या राजयुगांची चौकोनी चिन्हं युनिकोडने घेतली, कारण ती जुन्या जपानी संगणकांत वापरात होती. तो मजकूर युनिकोडमध्ये नेऊन परत आणताना काही हरवू नये, हा हेतू. रेइवाचा जुना मजकूर येणार कुठून? दोन अक्षरं एका चौकटीत बसवणं फाँटचं काम आहे. आपल्या ‘क्ष’ला तरी कुठे स्वतंत्र कोड आहे? क, हलन्तचिन्ह, ष असे तीन कोड लागतात. जोडाक्षर फाँट घडवतो.

खतावणी:
साफ असहमत. छापील पानावर फाँट आपला असतो, डेटाबेसमध्ये नसतो. तारखेच्या रकान्यात राजयुगासाठी एकाच अक्षराची जागा ठेवली असेल, तर दोन कांजी टाकल्यावर एक तरी कापली जाते किंवा पुढचे आकडे सरकतात.

शिवाय युनिकोडने नकार दिला असता तर प्रत्येक कंपनीने आपापल्या खाजगी कोडवर ते चिन्ह बसवलं असतं. जपानने हे भोगलंय. विंडोजवर गोलातले १, २, ३ टाइप करून पाठवले की जुन्या मॅकवर कंसातले रवि, सोम, मंगळ दिसायचे, कारण त्याच कोडवर दोघांची चिन्हं वेगळी होती. पुन्हा तेच हवंय का?

बाराखडी:
खाजगी कोडचा धोका खरा आहे. पण एकाच गोष्टीची दोन रूपं झाली की शोध फसतो, त्याचं काय? मराठीत ॲ २००८ साली आला. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन अॅ लिहायचे, अजूनही लिहितात. दिसायला सारखे, पण ‘ॲप’ शोधलं तर ‘अॅप’ सापडेलच असं नाही.

खतावणी:
ती तुलना इथे लागू नाही. ॲ आणि अॅ यांचं नातं युनिकोडने नोंदवलेलंच नाही. रेइवाच्या चिन्हाचं नोंदवलंय: ते फोडलं की त्याच दोन कांजी मिळतात. म्हणून तर थांबावं लागलं. जागा २०१८ मध्येच राखून ठेवली होती, पण नाव जाहीर झालं १ एप्रिलला, आणि १२.० मार्चमध्येच निघाली होती. ही फोड एकदा ठरली की कधीच बदलता येत नाही, मग नाव कळण्याआधी काय लिहिणार?

रेफ:
फोड नोंदलेली असणं आणि प्रोग्रॅमने ती वापरणं यांत फरक आहे हो. नुसते कोड ताडून पाहणाऱ्या यादीत एकाने चिन्ह टाकलं, दुसऱ्याने दोन कांजी, की एकाच वर्षाचे दोन गट पडतात. माझं मत बाराखडींच्या बाजूने.

आणि जागेचंही बघा. जुनी चारही चिन्हं ३३७बी ते ३३७ई अशी ओळीने आहेत, नवं युग आधी, जुनं नंतर. रेइवाला हेइसेइच्या आधीची जागा हवी होती, पण ती भरलेली. म्हणून ते दूर ३२एफएफवर गेलं. कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत रेइवा या वेळी नशिबाने सर्वात आधी येतं. पुढच्या राजयुगाला तशी जागा मिळेलच असं नाही. मी तर म्हणेन, आत्ताच जाहीर करा की यापुढे फक्त दोन कांजी. रकाने रुंद करायला वेळ तरी मिळेल.