मदत हवी आहे: 'द फादर'मधली लॉरा खलनायिका न करता कशी उभी करावी?

मंडळी, स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गच्या 'द फादर' या नाटकाची (१८८७) तालीम सुरू आहे. मी लॉरा करतेय आणि अडलेय.

कॅप्टन आणि लॉरा या नवरा-बायकोचं भांडण मुलीवरून आहे: बर्थाने कुठे राहायचं, काय शिकायचं. कायदा कॅप्टनच्या बाजूने. घर, पैसा, मुलीवरचा हक्क, सगळं त्याचं. लॉराकडे उरतं एकच हत्यार, शंका. मूल तुझंच कशावरून? त्या काळी हे सिद्ध करायची सोयच नव्हती, म्हणून तो वार इतका खोल जातो. शिवाय ती त्याची पत्रं अडवते, डॉक्टरच्या मनात त्याच्या वेडाबद्दल संशय पेरत राहते. शेवटी म्हातारी दाई त्याला लहानपणच्या आठवणींत गुंगवत बंधनाचा अंगरखा (वेड्यांचे हात जखडून ठेवणारा) चढवते. (हा प्रसंग वाचताना मला दरवेळी त्याचीच दया येते, हीच तर पंचाईत!)

दिग्दर्शकांना लॉरा थंड, हिशेबी हवी आहे. मला वाटतं ती आधी घाबरलेली असावी आणि डाव जमतोय हे तिला हळूहळू कळावं. पण संहिता तितकी मोकळीक देते का? लेखकाचं माप तर उघडच कॅप्टनच्या पारड्यात आहे.

कुणी ही भूमिका केली किंवा बसवली असेल तर सांगा: डॉक्टरबरोबरच्या पहिल्या प्रवेशात ती जाणूनबुजून खोटं बोलते की स्वतःचाही त्यावर विश्वास असतो? आणि कॅप्टन दिवा फेकून मारतो, त्याआधीच्या प्रवेशात तिचा आवाज चढू द्यावा की खालीच ठेवावा?