ड्वार्फ फोर्ट्रेस: महापौर आणि बॅरन, दोघांनी मिळून किल्ला वेठीला धरलाय

कंबर_तलाव
नमस्कार मंडळी. ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे ड्वार्फ नावाच्या बुटक्या लोकांचा किल्ला चालवायचा कॉम्प्युटर गेम, त्याची स्टीम या ऑनलाइन दुकानावरची आवृत्ती खेळायलोय, वस्ती ८३. महापौरानं मुकुट बाहेर विकायला बंदी घातली, तरी शरदातल्या काफिल्याबरोबर मुकुट गेलेच. मुकुट बनवायचं काम तर कुणाला दिलंच नव्हतं! शिक्षा झाली ती तिसऱ्याच गरिबाला. बॅरनला (म्हणजे जहागीरदाराला) जस्ताच्या वस्तू पाहिजेत आणि नकाशावर जस्ताचं खनिज दिसत नाही. वर त्याला खोल्या पसंत नाहीत. दोघांना उचलत्या पुलाखाली उभं करून चिरडावं असं मनात यायलंय. त्याआधी काही उपाय असेल तर सांगा.

शेंगाचटणी
मुकुट कुठून आले ते सांगतो. कारागिराच्या वर्कशॉपला 'दगडी क्राफ्ट' असं मोघम काम लावलं असणार. त्यातून काय निघेल ते आपल्या हातात नसतं: अंगठी, बाहुली, कडं, राजदंड, ताईत, आणि मधूनच मुकुट. एका दगडातून एक ते तीन वस्तू. त्या सगळ्या एकाच पेटीत जातात, आणि आपण पेटीच्या पेटी विकून मोकळे होतो. पेटीतला एक मुकुटसुद्धा बंदी मोडायला पुरतो.

ते काम बंद करून दगडी मग लावा. एका दगडाचे तीन मग हमखास, आणि मगाशिवाय दुसरं काही निघत नाही. तयार मालाच्या साठ्याच्या सेटिंगमध्ये 'मुकुट' बंद करा, आणि फक्त मुकुटांसाठी लांब कुठंतरी एक छोटा साठा काढा, तिथं पेट्यांची संख्या शून्य. आधीच भरलेल्या पेट्यांमधले मुकुट आपोआप बाहेर येतील या भरवशावर राहू नका. व्यापाराच्या पडद्यावर पेटी उघडून एकेक वस्तू निवडा. किचकट आहे, पण बंदी उठेपर्यंतच करायचंय.

मातीचा_बुरुज
हुकूम हवेतून येत नाहीत. ज्याची जी आवड, तोच त्याचा हुकूम. ड्वार्फवर क्लिक करून व्यक्तिमत्त्वाच्या टॅबमध्ये आवडीनिवडी बघा. रंग, प्राणी, खाणंपिणं आवडत असेल तर आपल्याला काही त्रास नाही. धातू, काच किंवा एखादी वस्तू दिसली की समजायचं, पुढं कधीतरी हेच मागणार.

म्हणून बॅरन निवडतानाच बघायचं असतं. शरदातल्या काफिल्याबरोबर येणारा दूत जहागिरीचा प्रस्ताव मांडतो, तेव्हा नाव आपणच द्यायचं असतं. बरेच जण तिथं सगळ्यात कामाच्या लोहाराला बॅरन करतात आणि हात चोळत बसतात, कारण बॅरन झाल्यावर तो अंगमेहनतीची कामं करत नाही. दार, बादली, कपाट असलं काहीतरी आवडणारा बिनकामाचा माणूस शोधा. आयत्या बिळावर नागोबा बसणारच आहे, तर निदान बिनविषारी बसवा. आणि योग्य माणूस नसेल तर दूताला नाही म्हणता येतं.

तुमचा बॅरन झालेला आहे, तर आता जस्ताचं बघू. त्याचं खनिज म्हणजे स्फॅलेराइट, आणि एका दगडातून धातूच्या चार कांड्या (बार) मिळतात. खरंच नसेल तर दूताबरोबरच्या करारात जस्ताच्या कांड्यांना प्राधान्य द्या. तो माल पुढच्या शरदात येणार, म्हणजे या हुकमाला उपयोग नाही, पुढच्यांना होईल. या वेळेला आलेल्या काफिल्यांकडं जस्ताची भांडीकुंडी असली तर ती घेऊन वितळवा. कांडी पूर्ण मिळत नाही, तुकड्यातुकड्यानं जमते, त्यामुळं वस्तू जास्त घ्याव्या लागतात. आणि काफिल्याकडून तयार वस्तू घेऊन हुकूम भागत नाही. हुकूम सुटल्यानंतर आपल्या वर्कशॉपमध्ये बनलेलीच वस्तू मोजली जाते. आधीपासून गोदामात शंभर पडल्या असल्या तरी शून्यच.

कंबर_तलाव
खोल्यांचं काय? आणि पुलाचं?

पार्क_चौक_०१
पूल! एक लीव्हर, तीन मेकॅनिझम (यंत्राचे सुटे भाग): एक लीव्हर बांधायला, दोन जोडणीला. पूल 'उचलता' पाहिजे, 'सरकता' नाही. बॅरनला एकट्याचं पथक करून पुलाखाली उभं राहायचा हुकूम द्या, म्हणजे हुकूम देणाऱ्यालाच हुकूम. लीव्हर ओढल्यावर पूल हलायला १०० टिक (गेममधल्या वेळेचं एकक) लागतात, तेवढं धरून चाला.

मातीचा_बुरुज
पार्क चौकवाल्यांनी गंमत केली, पण पुढचा हिशेब सांगितला नाही. महापौर मेला तर नवा निवडून येतो, तो कुठल्या आवडीचा निघेल सांगता येत नाही. बॅरनकी वंशपरंपरेनं वारसाकडं जाते. आता जस्त आहे, पोराला काच आवडत असेल तर पुन्हा तेच. पुलाखाली प्रेतसुद्धा उरत नाही, त्यामुळं पुरायला काही नसतं आणि भूत फिरायला लागतं. त्यासाठी दगडी शिळा घडवून कारागिराच्या वर्कशॉपमध्ये त्याच्या नावानं कोरून घ्यायची आणि ती बसवायची. मित्र-नातेवाईकांचं दुःख वेगळंच. महापौराचे मित्र भरपूर असतात, त्याशिवाय तो निवडून आला नसता!

महापौर बदलायचा रक्त न सांडता मार्ग आहे. वस्ती ५० झाली की निवडणूक सुरू होते आणि ज्याची ओळखपाळख जास्त तो जिंकतो. पदावरचा माणूस गाऱ्हाणी ऐकून ऐकूनच बोलण्यात तरबेज होतो, म्हणून तोच तोच परत येतो. आवडीनिवडी निरुपद्रवी असलेला एखादा ड्वार्फ हेरा, त्याची सगळी कामं काढून टाका आणि त्याला दारूच्या गुत्त्यात बसू द्या. दोन-तीन वर्षं धीर धरावा लागतो.

शेंगाचटणी
खोल्यांसाठी सोनं. पुतळ्याची मूळ किंमत २५, सोन्याचा गुणक ३०, म्हणजे साधा पुतळा ७५०. उत्कृष्ट नमुना निघाला तर १२ पट, म्हणजे ९,०००. राजाला लागणाऱ्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या खोलीला १०,००० लागतात, त्यावरून अंदाज घ्या. बॅरनला निजायची खोली, कचेरी, जेवणघर आणि थडगं, चारी वेगळं मोजतात. एकाच खोलीत सगळे पुतळे कोंबून उपयोग नाही.

सोनं नसेल तर भिंती-जमीन गुळगुळीत करून कोरीवकाम करा. ते नैसर्गिक दगडावरच होतं. मातीच्या थरात खोदलेली किंवा बांधून काढलेली भिंत कोरता येत नाही, म्हणून वाडा खाली खडकात खणा. आपल्या भुईकोटासारखा जमिनीवर बांधून काढलात तर दिसायला झकास, पण कोरीवकाम नाही. आणि महापौराची खोली बॅरनपेक्षा भारी करू नका, वरचा लगेच रुसतो.

कंबर_तलाव
एक राहिलं. शिक्षा थोडी सौम्य करता येते का? मागच्या वेळेला मारहाणीतच कारागीर गेला.

मातीचा_बुरुज
येते. मारतो कोण ते बघा. पहारेकऱ्यांचा कप्तान अनुभवी सैनिक असेल तर त्याच्या दोन गुद्द्यांत माणूस संपतो. तिथं कधी न लढलेला, हाडकुळा ड्वार्फ नेमा आणि हातात शस्त्र देऊ नका. कैदेची सोयही पाहिजे: 'अंधारकोठडी' झोन आखून त्यात साखळ्या किंवा पिंजरे बसवा. जागा नसली की कैदेऐवजी मार मिळतो. ८३ वस्तीला पाच-सहा साखळ्या ठेवा, शेजारी खाण्यापिण्याचा साठा जवळ असू द्या.

पुढं हातोडेवाला (हातोड्यानं शिक्षा देणारा अधिकारी) आला तर त्याचा हातोडा आधी तपासा. बोथट शस्त्राचा मार वजनावर असतो, त्यामुळं चांदीचा हातोडा जीव घेतो. अडमँटाइन या गेममधल्या काल्पनिक धातूचा इतका हलका की खरचटल्यासारखं होतं. एवढा महागाचा धातू त्यासाठी घालवायचा का, ते तुमचं तुम्ही बघा.