मदत हवी आहे: एचडी डीव्हीडी प्लेअर बंद पडलाय, डिस्क वाचवायच्या आहेत (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न, मग बाकीचं. माझे मामा गंगापूर रोडला राहतात. त्यांच्याकडे तोशिबाचा एचडी-ए३० हा एचडी डीव्हीडी प्लेअर आहे (एचडी डीव्हीडी म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेली, साध्या डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची डिस्क). अमेरिकेत घेतलेला, १२० व्होल्टचा, म्हणून इथं स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात. मध्यंतरी पावसात लाईट सारखी येत-जात होती, तेव्हापासून प्लेअर गप्प आहे. बटण दाबलं तरी पुढचा दिवासुद्धा लागत नाही. डिस्क साठएक आहेत. नाशकात असा प्लेअर उघडून बघणारं कुणी माहितीतलं आहे का? आणि तो नाहीच सुरू झाला तर डिस्कवरचे सिनेमे हार्ड डिस्कवर घेता येतात का? त्यासाठी कोणता ड्राइव्ह लागतो?

‘ब्लू-रे घेऊन टाका’ हा सल्ला मात्र कृपया नको. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात प्लेअर घेऊन गेले होते. तिथं झाकणही न उघडता तेच सांगितलं, वर ‘तुमच्या डिस्क त्यात चालतील की’ असंही म्हणाले. नाही चालत. दोन्हीकडे ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर आहे, डिस्कचा आकारही तोच, पण साम्य इथंच संपतं. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागाच्या जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो. एचडी डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत, साध्या डीव्हीडीसारखा. त्यामुळे भिंग वेगळं लागतं, डिस्कवर माहिती लिहायची पद्धतही वेगळी. त्या दुकानदाराच्या शब्दावर मामांनी प्लेअर घेतला असता तर पैसे गेले असते आणि डिस्क तशाच पडून राहिल्या असत्या.

आता मामांबद्दल. ते नोकरीनिमित्त बरीच वर्षं न्यू जर्सीला होते. नोव्हेंबर २००७ मध्ये, तिकडच्या सणाच्या सेलमध्ये, त्यांनी हा प्लेअर घेतला. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या सिनेमा कंपनीनं जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. लास वेगासचं मोठं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन तोंडावर होतं आणि एचडी डीव्हीडीवाल्यांना तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द करावी लागली. फेब्रुवारीत आधी नेटफ्लिक्स (तेव्हा ते डिस्क भाड्यानं द्यायचं) ब्लू-रेकडे गेलं, मग वॉलमार्ट, आणि १९ तारखेला खुद्द तोशिबानं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी तोशिबा ब्लू-रेच्या संघटनेत जाऊनही बसली. मामांना ते फार लागलं. कंपनी हरली याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं, घरातला टीव्ही तर ब्लू-रेवाल्या सोनीचाच आहे. पण ज्यांनी विश्वासानं खरेदी केली त्यांचं पुढे काय, याचा कुणी विचारच केला नाही, हे ते अजून बोलून दाखवतात.

त्यांचा पक्ष मला पटतो. ब्लू-रेनं जगाचे ए, बी, सी असे तीन भाग, म्हणजे रीजन, पाडले. अमेरिका ए मध्ये, भारत सी मध्ये. आज ना उद्या नाशिकला परतायचं ठरवलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो: कुलूप घातलेली डिस्क असेल तर तिकडची इकडच्या प्लेअरमध्ये चालणार नाही. एचडी डीव्हीडीला असलं कुलूपच नव्हतं. शिवाय प्रत्येक एचडी डीव्हीडी प्लेअरला पहिल्या दिवसापासून इंटरनेटचं पोर्ट असणं बंधनकारक होतं. ब्लू-रेचे नियम मात्र विक्री सुरू झाल्यावरही बदलत राहिले आणि सुरुवातीला घेतलेले कितीतरी प्लेअर पुढच्या सोयींना मुकले. मामा हे सगळं वाचून, तुलना करून या बाजूला आले होते.

त्याच सुमाराला आम्ही सिडकोत मोझर बेअरच्या २८ रुपयांच्या व्हीसीडी आणि ३४ रुपयांच्या डीव्हीडी आणत होतो. मामा एकेका डिस्कला तीसेक डॉलर मोजत होते. प्रत्येक लाल डबीत त्यांनी खरेदीची पावती घडी करून ठेवली आहे. त्या पावत्यांची छपाई आता पार उडाली आहे, कोरे पिवळट कागद उरलेत. त्यावर त्यांनी बॉलपेननं दुकान, तारीख आणि किंमत पुन्हा लिहून काढली आहे, छपाईच्या जागेवरच, ओळीत. असा माणूस ‘टाकून द्या’ ऐकून घेणार नाही, आणि त्याला तसं सांगायचीही माझी तयारी नाही.

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

रानजाई

---

अंबडलिंक:

रानजाई, मी पॉवर सप्लायचीच कामं करतो. प्लेअर मेला असं आत्ताच धरून चालू नका. आधी ट्रान्सफॉर्मर तपासा. प्लेअर काढून ठेवा, मल्टिमीटर एसीवर लावा आणि ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला बघा. ११० ते १२० च्या आसपास दिसलं पाहिजे. शून्य आलं तर दोष तिथंच आहे आणि प्लेअर धडधाकट असण्याची बरीच शक्यता आहे.

पण २३० दिसलं तर गोष्ट वेगळी. स्वस्तातले बरेच स्टेप-डाऊन हे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे आत एकच वाइंडिंग. खालच्या बाजूची तार तुटली की पुढे पूर्ण २३० जातात. ते रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) गेले की सव्वातीनशे व्होल्ट होतात आणि फक्त १२० साठी बनवलेल्या सप्लायमधला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचाच असतो. तो फुगतो, फ्यूज उडतो, कधी मॉसफेटही जातो. तरी हे सगळे पार्ट बाजारात सर्रास मिळतात. तोशिबाचा ओरिजिनल बोर्ड शोधत बसायची गरज नाही. सप्लायच्या बोर्डावर बऱ्याचदा पिनेजवळ व्होल्टेज छापलेलं असतं, अगदीच वेळ आली तर बाहेरून तेवढे व्होल्ट देऊनही मशिन उठवता येतं.

घरी झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर काही वेळ भरलेला असतो. आणि तोवर दुसरा कुठलाही ट्रान्सफॉर्मर लावून ‘बघू चालतो का’ करू नका.

---

पाथर्डीफाटा:

मी तेव्हापासून ब्लू-रेवाला, तरी मामांबद्दल आदर आहे. दुसरी बाजूही मांडतो, कारण ती नुसती जाहिरातीच्या जोरावर जिंकली असं वाचलं की मला वाईट वाटतं. दोन थरांच्या ब्लू-रेवर ५० जीबी बसतात, एचडी डीव्हीडीवर ३०. मोठा सिनेमा, त्यावर न दाबलेला (अनकॉम्प्रेस्ड) आवाज, वर दोन-तीन भाषा, यात तो फरक जाणवतो. आणि नोव्हेंबर २००६ पासून प्लेस्टेशन ३ मधून ब्लू-रे घराघरात गेला. गेम खेळायला घेतलेल्या मशिनमध्ये तो आपोआप होताच. मायक्रोसॉफ्टनं मात्र एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकला, १९९ डॉलरला. जास्तीचे पैसे देऊन तो घेणारे किती निघणार? माझ्या मते निकाल तिथंच लागला, वॉर्नर नंतर आलं.

रीजनच्या बाबतीत मात्र मामा बरोबर होते. ४के ब्लू-रे आला तेव्हा ते कुलूप काढून टाकावं लागलं.

---

रानजाई:

पाथर्डीफाटा, मनापासून आभार. हे मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ५० जीबीचा मुद्दा मान्य, पण सुरुवातीच्या कितीतरी ब्लू-रे २५ जीबीच्या एकाच थरावर, एमपेग-२ या व्हिडिओ साठवायच्या जुन्या पद्धतीत यायच्या आणि त्यांच्यापेक्षा एचडी डीव्हीडीचं चित्र सरस दिसायचं. नंतर दोन्हीकडे सारखंच झालं, हेही तेच म्हणाले. शेवटच्या वाक्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

अंबडलिंक, मल्टिमीटर शेजाऱ्यांकडे आहे. बघून सांगते.

---

गोदाकाठ:

मला प्लेअरपेक्षा डिस्कची काळजी जास्त वाटते. वॉर्नरच्या किती आहेत? एचडी डीव्हीडी जमवणाऱ्यांमध्ये वॉर्नरच्या डिस्क आतून खराब होण्याची तक्रार जुनीच आहे. २००६ ते २००८ या काळातल्या त्यांच्या काही साध्या डीव्हीडीही अशाच गेल्या आणि २०२५ मध्ये कंपनीनं ते मान्य केलं. ओरखडा नसताना सिनेमा मध्येच अडकतो, मग पुढची प्रकरणं उघडत नाहीत, मग डिस्क ओळखलीच जात नाही. दिव्याखाली तिरकी धरून पाहा, धुरकट डाग दिसतात का. पण डिस्क स्वच्छ दिसते म्हणजे ती चांगलीच आहे असंही नाही. पुसून किंवा पॉलिश करून हा दोष जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतोच. तेव्हा प्लेअर सुरू झाला तरी ‘आता निवांत’ म्हणू नका. आधी प्रती काढा, आणि वॉर्नरपासून सुरुवात करा.

अजून एक. युनिव्हर्सलच्या बऱ्याच डिस्क दुहेरी असायच्या, एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि उलटी केली की साधी डीव्हीडी. त्या वेगळ्या काढा. डीव्हीडीचे रीजन आकड्यांनी असतात: ही बाजू बहुधा अमेरिकेच्या रीजन १ ची असेल आणि आपल्याकडचे प्लेअर ५ चे. पण इथं विकलेले बरेच लोकल प्लेअर सगळे रीजन घेतात. तेवढे सिनेमे मामांना आज संध्याकाळीसुद्धा बघता येतील.

---

सोमेश्वर:

ड्राइव्हचं सांगतो. दोन पर्याय आहेत, दोन्ही सेकंडहँडच. एक, पाथर्डीफाटा म्हणतात तो एक्सबॉक्सचा बाहेरचा ड्राइव्ह. तो यूएसबीवर चालतो आणि साध्या कॉम्प्युटरलाही जोडता येतो. त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो, घेताना तो सोबत आहे का आणि किती व्होल्टचा आहे ते विचारा, नाहीतर पुन्हा तीच ट्रान्सफॉर्मरची कथा. दुसरा, एलजीचा जीजीसी-एच२०एल किंवा जीजीडब्ल्यू-एच२०एल. हे साटा ड्राइव्ह आहेत, डेस्कटॉपमध्ये बसवायचे. दोन्ही ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी वाचतात. जुन्या काळी असेंबल केलेल्या महागड्या कॉम्प्युटरमध्ये सापडतात, म्हणून भंगारात गेलेले डेस्कटॉप विकणाऱ्यांकडेही विचारून ठेवा. नावात एकाच अक्षराचा फरक असलेली दुसरी मॉडेलं फक्त ब्लू-रेची असतात, तेव्हा पैसे देण्याआधी ड्राइव्हच्या तोंडावर एचडी डीव्हीडीची खूण बघा.

प्रत काढायला मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरा. हार्ड डिस्क ४ टीबीची घ्या. ३० जीबीच्या साठ डिस्क म्हणजे १८०० जीबी, २ टीबीत ते जेमतेम बसेल आणि पुढे हालचालीला जागा उरणार नाही. प्रत तयार झाल्यावर टीव्हीच्या यूएसबीत लावून ‘चालत नाही’ म्हणून घाबरू नका. यातले बरेच सिनेमे व्हीसी-१ या व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत आहेत आणि पुष्कळ टीव्हींना ते वाचता येत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये चालवा आणि एचडीएमआयनं टीव्हीला जोडा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं, हक्कभंग करायच्या हेतूनं कुलूप तोडणं त्यात गुन्हा आहे. मामांच्या डिस्क विकत घेतलेल्या आहेत, पावत्याही जपलेल्या आहेत. प्रती घरातच राहू द्या, कुणाला वाटू नका, आणि मूळ डिस्क विकू नका.

---

पाथर्डीफाटा:

सोमेश्वर यांच्याशी सहमत. ‘प्रती कोऱ्या ब्लू-रेवर काढा’ असं मी सुचवणार होतो, पण सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचं उत्पादन थांबवलं. एलजीनं प्लेअर बनवणं त्याआधीच सोडलं, सॅमसंगनं तर त्याच्याही कितीतरी आधी. मामांना जे २००८ मध्ये सोसावं लागलं ते आता आमच्या वाट्याला येतंय. हार्ड डिस्कच बरी, आणि एकाऐवजी दोन घ्या. दुसरी वेगळ्या घरी ठेवा.

---

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ताजी खबर.

ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट शून्य आलं. अंबडलिंक यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, त्यांनी आपल्याकडचा तपासलेला ट्रान्सफॉर्मर आणून लावला आणि प्लेअरचा दिवा लागला. ट्रेही बाहेर आला. या प्लेअरला सुरू व्हायला आधीपासूनच बराच वेळ लागतो, तेवढा वेळ मामा टीव्हीसमोर उभेच होते. पहिलीच डिस्क नीट चालली. दुसरी, वॉर्नरची, अर्ध्यावर अडकली. पुसून पाहिली, पुन्हा तिथंच. गोदाकाठ, तुम्ही म्हणालात तसंच आहे, कडेला धुरकट पट्टा दिसतो.

वॉर्नरच्या डिस्क वेगळ्या काढल्या, एकूण संग्रहाच्या जवळजवळ निम्म्या भरल्या. दुहेरी डिस्कही निघाल्या, त्यातल्या काहींची डीव्हीडीची बाजू आमच्या सिडकोतल्या जुन्या लोकल प्लेअरमध्ये चालते. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क मामांनी स्वतः मागवल्या आहेत.

आता अडलंय फक्त ड्राइव्हपाशी. नाशिक, सिन्नर, निफाड किंवा पुण्या-मुंबईत कुणाकडे एक्सबॉक्सचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह किंवा एलजीचा एच२०एल पडून असेल तर कृपया व्यनि करा. विकत घेऊ, किंवा वॉर्नरच्या डिस्क होईपर्यंत वापरायला दिलात तरी चालेल. न्यायला मी स्वतः येईन, कुरियरवर सोडणार नाही. देणाऱ्याकडे ब्लू-रे असतील तर त्यांच्याही प्रती त्याच बैठकीत काढून द्यायला मामा तयार आहेत.