टीएसएच नॉर्मल, तरी ट्रायग्लिसराईड्स २१०. थायरॉईडची गोळी सुरू करू का?

मेघा_नाशिक: नमस्कार मंडळी, वय ४१. नुकतंच फुल बॉडी चेकअप केलं. टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) ३.७, फ्री टी४ (रक्तातलं थायरॉईडचं मुख्य हार्मोन) ०.९ म्हणजे रेंजमध्येच पण अगदी खालच्या कडेला, ट्रायग्लिसराईड्स (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१, उपाशीपोटी साखर १०६, बीपी ठीक, कंबर ९२ सेंमी. जिमचा ट्रेनर म्हणतो थायरॉईड स्लो आहे म्हणून चरबी जळत नाही, थायरॉईडची पंचवीस मायक्रोग्रॅमची गोळी चालू कर. आमच्या जाऊबाईंना हायपोथायरॉईड आहे, त्यांच्या गोळ्यांची बाटली घरातच असते, त्यामुळे मोह होतोय. कोणी घेतलीय का अशी, वजन उतरतं का?

फिजिशियन_सोलापूर: मेघाताई, त्या बाटलीला हात लावू नका, हे आधी. तुम्हाला दिसलेला संबंध मात्र खरा आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला थायरॉईड नॉर्मल असलेल्या सुमारे १,६०० लोकांचा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला, त्यात फ्री टी४ रेंजच्या खालच्या बाजूला असलेल्यांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं), ट्रायग्लिसराईड्स, कंबर हे सगळं थोडं जास्तच निघालं. पण एकत्र दिसलं म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नाही ना. वजन वाढलं की चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं, ते मेंदूला टीएसएच वाढवायला लावतं, म्हणून जाड माणसात टीएसएच आणि टी३ (टी४ पासून बनणारं जास्त जोरकस थायरॉईड हार्मोन) दोन्ही जरा वर असतात आणि वजन उतरलं की बऱ्याचदा आपोआप खाली येतात. म्हणजे ट्रेनर सांगतोय त्याच्या उलटंच गणित बऱ्याच वेळा असतं.

आणि गोळीचं म्हणाल तर थायरॉईड नीट चालत असताना छोट्या डोसने वजन हलत नाही, कारण बाहेरून आलं तेवढं तुमची ग्रंथी स्वतःचं कमी करते. डोस वाढवला की धडधड, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं), हाडं ठिसूळ. अमेरिकेत या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा असतो की लठ्ठपणासाठी वापरू नका.

रोहन_पुणे: पण डॉक्टर, इंटरनेटवर सगळीकडे टीएसएच अडीचच्या खालीच हवा असं म्हणतात त्याचं काय? आमच्या ऑफिसात दोघंतिघं त्याच्यावरच गोळी घेतायत.

फिजिशियन_सोलापूर: दिवस असतील किंवा मूल हवं असेल तर निकष वेगळे, तिथे डॉक्टरच ठरवतील. एरवी ३.७ ला फ्री टी४ नॉर्मल असताना फक्त वजनासाठी गोळी देण्यात काही अर्थ नाही.

लॅबवाली_सातारा: मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, एका रिपोर्टवर काही ठरवू नका. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, आजारपणातही हलतो, म्हणून पुन्हा द्याल तेव्हा त्याच वेळेला त्याच लॅबमध्ये द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर टेस्टच्या आधी दोनतीन दिवस बंद ठेवा, काही मशीनवर त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो. अँटी टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) एकदा करून घ्या, पॉझिटिव्ह आली तर पुढे थायरॉईड बिघडायची शक्यता जास्त म्हणून वरचेवर बघावं लागतं.

मेघा_नाशिक: बापरे, बायोटिन खाते मी! मग आता करू काय नक्की? मध्यंतरी एकवेळ जेवण सोडून बघितलं, सारखं थंडी वाजायची आणि वजन जागचं हलेना.

फिजिशियन_सोलापूर: खूप उपाशी राहिलं की शरीर टी४ चं टी३ कमी बनवतं, खर्च वाचवायला बघतं, त्यामुळे तसं करू नका. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी, ट्रायग्लिसराईड्स १५० च्या आत, एचडीएल ५० च्या वर, उपाशी साखर १०० च्या आत. मेटाबॉलिक सिंड्रोमसाठी (डायबेटिस आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी एकत्र असणं) हे चार आणि बीपी अशा पाचातले तीन निकष पुरतात, तुमचे चार बिघडलेत, म्हणजे खरी काळजी इथे आहे. चेन्नईच्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये प्रीडायबेटिक (डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या) लोकांना रोज अर्धा तास भराभर चालणं आणि साखर, मैदा, तळण कमी करणं एवढंच सांगितलं तरी तीन वर्षांत डायबेटिस व्हायचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. जिम चालू ठेवा, फक्त औषधं ट्रेनरकडून नकोत. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि एसजीपीटी (यकृताची टेस्ट) करा, यकृताची सोनोग्राफी करावी का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि तीन महिन्यांनी बायोटिन थांबवून लिपिड आणि थायरॉईड एकत्र पुन्हा द्या. रिपोर्ट इथे टाकलात तर बघतो मी.