ओशो : प्रयोग, प्रवचनं आणि हिशेब (सीमाभागातले अनुभव)

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडं ओशोंची (म्हणजे आचार्य रजनीशांची) हिंदी प्रवचनं ऐकणारे पुष्कळ, आणि त्यांचं नाव काढलं की उठून जाणारेही पुष्कळ. दोघांनीही लिहावं. नेमकं काय करायचं असतं, काय लागू पडतं, कुठं बिघडतं, एवढंच सांगा. "आयुष्य बदललं" एवढ्यावर भागवू नका.

टिळकवाडी

सक्रिय ध्यान, म्हणजे ज्याला सगळे डायनॅमिक म्हणतात, ते ओशोंनी १९७० मध्ये आणलं. तासाभरात पाच टप्पे. दहा मिनिटं नाकानं जलद, बेताल श्वास. दहा मिनिटं रडणं, ओरडणं, हातपाय झाडणं. दहा मिनिटं हात वर करून उड्या मारत 'हू'. मग पंधरा मिनिटं आहे त्या स्थितीत पुतळा, आणि शेवटी पंधरा मिनिटं नाच. डोळे सगळा वेळ मिटलेले, पोट रिकामं.

बहुतेकांचा पहिलाच टप्पा चुकतो. भस्त्रिका (तालात भराभर श्वास घेण्याचा प्राणायाम) शिकलेले लोक ताल धरतात, इथं तो मोडायचा असतो. जोरही श्वास सोडण्यावर. बोटांना मुंग्या आल्या, चक्कर आली, हात आकडले की 'कुंडलिनी जागी झाली' सांगणारे शिबिरवाले भेटतात. तसलं काही नसतं ओ! भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याचा तो परिणाम. खाली बसा, श्वास सावकाश करा, थोड्या वेळात जातं. रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग नकोच. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याच्या वाटेला जाऊ नये. दडपलेलं बाहेर काढा म्हणणं सोपं. बाहेर आलेलं सावरायला शिबिरात जाणतं माणूस असेलच असं नाही.

तिसऱ्या टप्प्यात गुडघे जातात. उतरताना पूर्ण तळवा टेकवा अशी सूचना आहे, आणि आपल्या घरांत खाली शहाबादी फरशी. जाड सतरंजीची चौपदरी घडी घाला, नाहीतर मातीच्या अंगणात करा. गुडघे आधीच दुखरे असतील तर उडी सोडून नुसत्या टाचा उचला.

निपाणी

यूट्यूबवरचं संगीत लावून डायनॅमिक करणाऱ्यांनी ते आधी डाउनलोड करून ठेवावं. चौथ्या टप्प्याच्या शांततेत जाहिरात येते आणि पुतळे हसायला लागतात.

शहापूर, बेळगाव

चाळीत पहाटे सहाला 'हू' केलं तर शेजारी पोलीस बोलावतील. आवाजाविना करायची सोय मूळ सूचनांतच आहे: दुसरा टप्पा नुसत्या हालचालींनी, तिसऱ्यात 'हू' आतल्या आत. पण घरात म्हातारी माणसं असतील तर नादब्रह्म हे ओशोंचं गुंजनाचं ध्यानच बरं. तीस मिनिटं ओठ मिटून गुंजन, अंगात कंप जाणवेल इतपत. मग साडेसात मिनिटं तळवे वर ठेवून हात नाभीपासून बाहेर, सावकाश गोलाकार. पुढची साडेसात तळवे खाली करून उलट दिशेनं. उरलेली पंधरा मिनिटं स्वस्थ. गुंजनात घसा दुखला तर आवाज गळ्यातून ओढला जातोय असं समजा. सूर खाली आणा. हातांची गती इतकी मंद असायला हवी की बघणाऱ्याला हात थांबलेत असं वाटावं.

खानापूर

ओशोंच्या नावावरची बहुतेक पुस्तकं म्हणजे प्रवचनांची शब्दांकनं. १९७४ ते १९८१ या पुण्यातल्या काळात एक महिना हिंदी, एक महिना इंग्रजी असा क्रम होता. मराठी माणसानं भाषांतराच्या नादी न लागता गीता, कबीर, नानक यांवरची हिंदी प्रवचनं मुळातूनच ऐकावीत. आवाजातले थांबे छापील पानावर येत नाहीत. साल आणि प्रश्न कुणाचा होता तेही बघावं, नाहीतर पुढच्याच खंडात उलट विधान सापडतं. दृष्टांतातली नावं, आकडे तपासल्याशिवाय कुणाला सांगू नयेत. गोष्ट रंगली की तपशिलाची फिकीर ते करत नसत.

चिकोडी

दोष मोजताना लोक ओशोंच्या ९३ रोल्स रॉइस गाड्यांपासून सुरुवात करतात. शेजारी विजयपूरला सिद्धेश्वर स्वामी होते, बिनखिशाचा सदरा घालणारे, २०१८ ची पद्मश्री नाकारणारे. त्यांच्यापुढं त्या गाड्या ठेवल्या की निकाल लागल्यासारखं वाटतं. माझ्या मते गाड्या हा हलका मुद्दा आहे.

जड मुद्दा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचा. १९८१ मध्ये तिथं जमीन घेऊन रजनीशपुरम ही कम्यून, म्हणजे शिष्यांची वस्ती, वसवली. त्याच वर्षी ओशोंनी धरलेलं जाहीर मौन १९८४ च्या अखेरीस सुटलं. मधला कारभार सचिव मा आनंद शीलाच्या हाती. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात द डॅल्स गावातल्या दहा उपाहारगृहांत सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू कालवले गेले, ७५१ लोक आजारी पडले. कौंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) निवडणुकीत विरोधकांचं मतदान घटावं हा डाव. शीलानं गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेली. ओशोंवर विषबाधेचा खटला झाला नाही. इमिग्रेशनच्या प्रकरणात नोव्हेंबर १९८५ मध्ये तडजोड होऊन चार लाख डॉलर दंड भरून त्यांनी देश सोडला.

भक्त म्हणतात, सगळं शीलानं केलं. ओशोंनी स्वतः १९८५ मध्ये तिच्यावर जाहीर आरोप केले, हेही खरं. पण तिला नेमलं कुणी? सगळा व्यवहार एकाच व्यक्तीमार्फत व्हावा ही रीत कुणी चालू दिली? कम्यूनमध्ये वाढलेली काही मुलं मोठेपणी लैंगिक शोषणाबद्दल बोलली आहेत. 'गुरूंना ठाऊक नव्हतं' म्हणायचं असेल तर 'गुरू सर्वज्ञ' म्हणायचं सोडावं लागेल.

अनगोळ

चिकोडीकरांचं सगळं मान्य. तरी घरदार, नोकरी न सोडता संन्यास ही १९७० मधली मांडणी आणि बायकांच्या हाती दिलेला कारभार, हे त्या काळात धाडसाचंच होतं. (त्या कारभारातूनच शीला निघाली, हेही खरंच की.)

निपाणी

पुण्यात कोरेगाव पार्कच्या ओशो केंद्रात जाणाऱ्यांसाठी: दिवसा मरून झगा, संध्याकाळच्या सभेला पांढरा. सभेला अत्तर, सुगंधी तेल लावून जाऊ नका. खोकला असेल तर त्या दिवशी बाहेरच थांबा. तिथल्या 'बाशो' जमिनीच्या १०७ कोटींच्या विक्रीला धर्मादाय सहआयुक्तांनी २०२३ मध्ये परवानगी नाकारली. तेव्हा देणगी द्यायच्या आधी वाद कुठवर आलाय ते बघा. आपल्याकडच्या तीन दिवसांच्या शिबिरांनाही तेच. पावतीवर न्यासाचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, आजारांची माहिती लिहून घेतात का बघा, बायकांची झोपायची सोय वेगळी आहे का विचारा. मोबाईल काढून घेणार असतील तर घरच्यांना संयोजकाचा नंबर देऊनच निघा.