दुसऱ्याच्या लढाईत पडायचं का नाही, हे नक्की ठरवतं कोण?

तासगावचा_बागायतदार:
मंडळी एक शंका. २०२४ च्या सीझनला आमच्या गटाचा द्राक्षाचा माल युरोपला निघाला आणि तिकडं हुतींचे (येमेनमधले बंडखोर) हल्ले, जहाजं तांबड्या समुद्रातनं जायची बंद, सगळी आफ्रिकेला वळसा घालून. भाडं वाढलं ते वेगळंच, माल पोचेपर्यंत काडी वाळलेली (घडाची काडी हिरवी नसली की भाव पडतो, ज्याची बाग आहे त्यालाच कळंल). त्यावेळी अमेरिकेनं पाचदहा देश गोळा करून आरमारी मोहीम काढली, आपण त्यात गेलो नाही, पण आपली जहाजं अरबी समुद्रात पाठवलीच. मग गेलो म्हणायचं का नाही गेलो? संसदेत मतदान होतं का? पारावर एकजण म्हणतो पंतप्रधान एकटा ठरवतो, दुसरा म्हणतो अमेरिका सांगंल तसं.

मिरजेची_मास्तरीण:
दादा, मतदान लागतंच असं आपल्या घटनेत नाही. युद्ध आणि शांतता हा विषय केंद्राचा, सेना राष्ट्रपतींच्या नावानं, पण सल्ला मंत्रिमंडळाचा. प्रत्यक्षात बसते ती सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती. पंतप्रधान, संरक्षण, गृह, परराष्ट्र आणि अर्थ. अर्थमंत्री त्यात कशाला असं मुलं विचारतात, मी म्हणते घरात लग्न ठरवताना पैसे देणारा बसतो का नाही?
बाकीकडं वेगळं. जर्मनीत सैन्य बाहेर पाठवायला संसदेची परवानगी लागते. ब्रिटनमध्ये २०१३ ला सीरियावर हल्ला करायचा ठराव २८५ विरुद्ध २७२ नं पडला, पंतप्रधान कॅमेरॉन गप बसले. अमेरिकेत युद्ध पुकारायचा हक्क काँग्रेसचा, आणि १९४२ नंतर त्यांनी रीतसर युद्ध पुकारलेलंच नाही!! व्हिएतनाम, इराक सगळं त्याशिवाय झालं. म्हणजे कागदावर काय लिहिलंय त्यावर फार जाऊ नका.

पोवई_नाक्यावरचा:
इराकचं बघा ना, २००३. अमेरिकेला आपली एक अख्खी डिव्हिजन पायजे होती, १७ हजारांच्या आसपास जवान, उत्तर इराकसाठी. दिल्लीत बरेच जण तयार होते, दोस्ती वाढंल, कंत्राटं मिळतील वगैरे. वाजपेयींनी दोन-अडीच महिने चर्चाच चालू ठेवली, विरोधी पक्षाला विचार, आखातात आपली लाखो माणसं कामाला त्यांचं काय होईल ते बघ, आणि १४ जुलैला समितीनं सांगितलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असंल तर विचार करू. म्हणजे तोंडावर नाही न म्हणता नाही. मला विचाराल तर खरी मेख एकच, आपला जवान हुकूम कुणाचा ऐकणार. तांबड्या समुद्राच्या वेळी पण तेच झालं. जहाजं आपली, हुकूम आपला. जानेवारी २०२४ ला अरबी समुद्रात आपल्या आयएनएस चेन्नई युद्धनौकेनं चाच्यांच्या तावडीतनं लीला नॉरफोक जहाजावरची २१ माणसं सोडवली त्यात १५ आपली होती. हुतींवर बॉम्ब टाकायला मात्र गेलो नाही.

अपशिंग्याचा_पाहुणा:
हुकुमावरनं आठवलं. आमच्या पाहुण्यांचं गाव अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात तिथली ४६ माणसं गेली, त्यांना कुणी विचारलं होतं? १९३९ ला पण व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर करून टाकलं की हिंदुस्थान युद्धात आहे.
पण आपल्या सरकारनं ठरवलं म्हणजे बरोबर ठरतं असं बी न्हाय गड्या. माझे वडील १९८७ ला श्रीलंकेत होते, शांतिसेनेत. जाफन्यात उतरल्यावर लोकांनी हार घातले, आणि ऑक्टोबरात त्याच लोकांच्या गल्लीतनं लिट्टेच्या (तमिळ बंडखोरांच्या) गोळ्या. सांगताना ते नेहमी नकाशावर अडायचे, लढाई जुंपली तरी त्यांच्या तुकडीकडं गावाचा धड नकाशा नव्हता म्हणायचे. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परत आली तोवर हजारावर जवान गेले. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव अजून माळ्यावर आहे. जायचं कसं हे ठरलं होतं, यायचं कसं ते कुणी ठरवलंच नव्हतं.

मिरजेची_मास्तरीण:
आणि याच्या उलट १९७१. एप्रिलमध्येच पूर्व पाकिस्तानात (आताचा बांगलादेश) घुसा म्हणणारे होते, लष्करप्रमुख माणेकशॉंनी वेळ मागून घेतला, पावसाळा जाऊ दिला, ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला. डिसेंबरपर्यंत तिकडनं एक कोटीच्या आसपास निर्वासित आले, तरी थांबले. ३ डिसेंबरला पाकिस्ताननंच विमानं पाठवली.

तासगावचा_बागायतदार:
मॅडम पटलं. पाहुणं, तुमचं वाचून जरा गप्पच झालो. पण एक राहिलंच, आमच्या काडीचं कोण बघणार? त्या समितीत कृषिमंत्री बसत नाही ना?

पोवई_नाक्यावरचा:
न्हाय बसत. पेटी पाठवून बघा एखादी 😄